वस्ती वसवणारा राजा: शिवाजी महाराज आणि मालवणचं बंदर

मे महिना लागला की सिंधुदुर्गातली बंद घरं उघडतात. मुंबई, पुणे, आखात, जिथून म्हणून माणसं येतात तिथून ती येतात; लग्नं लागतात, कबरस्तानाची साफसफाई होते, जमातीच्या बैठकीत मागच्या वर्षीचेच प्रश्न पुन्हा निघतात. मृगाचा पाऊस पडला की दारांना परत कुलपं. ही काही आमच्याच मोहल्ल्याची गोष्ट नव्हे. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. सारा देश वाढत असताना आपला जिल्हा आटला. १९९७ मध्ये जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळही सुरू झाला. येणारे वाढले, पण येऊन राहणारे किती, हा प्रश्न उरतोच. मुलं विचारतात, इथे दुकान टाकून काय करायचं? त्यांना काय सांगायचं हे आम्हालाही पटकन सुचत नाही.

म्हणून या वेळी आम्ही अशा एका माणसाचं चरित्र घेतलं आहे ज्याच्यापुढे हाच प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी होता, आणि तोही याच किनाऱ्यावर. शिवाजी महाराजांवर आपल्याकडे खूप लिहिलं जातं, बोललं तर त्याहून जास्त जातं. तलवार, घोडा, अफजलखान यापलीकडे गाडी सहसा जात नाही. आम्हाला आज त्यांच्या आयुष्यातली वेगळी बाजू पाहायची आहे: उजाड जागी माणसं कशी येऊन राहतात, व्यापारी कुठे थांबतो, कुठून पळतो, हे या माणसाला कसं कळत गेलं.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर जन्म. वडील शहाजीराजे, आई जिजाऊ. जन्माच्या आसपासच दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्याच सुमारास शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणं आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने जाळलं. गावावर गाढवाचा नांगर फिरवला, इथे पुन्हा कोणी राहायचं नाही अशी खूण म्हणून पहार ठोकली, असं परंपरा सांगते. पुण्याचं तेव्हा शहर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. लांडगे फिरत होते.

लहानगा शिवाजी आईबरोबर त्या गावात आला तेव्हा त्याने जे पाहिलं ते पुढे आयुष्यभर उपयोगी पडलं असं आम्हाला वाटतं. जिजाऊंनी आणि जहागिरीच्या कारभाऱ्यांनी लोकांना परत बोलावलं. पण नुसतं बोलावून कोण येतो? पळून गेलेल्या कुणब्याला बियाणं नाही, बैल नाही, वर साऱ्याची धास्ती. त्यावर तोड होती इस्ताव्याची. पहिल्या वर्षी सारा अगदी नावाला, मग दर साल थोडा थोडा वाढवत काही वर्षांनी पुरा. लांडगे मारणाऱ्याला इनाम. राहायला लाल महाल बांधला, म्हणजे मालक स्वतः गावात राहतोय हे लोकांना दिसलं. मालक जिथे राहत नाही तिथे भाडेकरू तरी किती दिवस टिकणार!

या कारभाराच्या मागे आणखी एक नाव आहे आणि ते आपल्या वाचकांना ठाऊक असायलाच हवं. मलिक अंबर. हबशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, आणि शहाजीराजे त्याच्या फौजेतून १६२४ ची भातवडीची लढाई लढले. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या चार वर्षं आधी, १६२६ मध्ये, अंबर वारला. पण त्याने घालून दिलेली जमीन मोजणीची आणि साऱ्याची पद्धत दख्खनच्या कारभाऱ्यांच्या हातात राहिली होती. याच अंबरने १६१० च्या सुमारास खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवलं, जे पुढे औरंगाबाद झालं. त्या कोरड्या जागी त्याने आधी पाणी आणलं, डोंगराकडून जमिनीखालून खापरी नळांची नहर काढली. मग तिथे मराठा सरदारांचे पुरे वसले: मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा. मुघलांनी खडकी जाळली तरी लोक परत आले, कारण पाणी तिथेच होतं.

आता कोकणाकडे येऊ. १६५७ मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पहिल्यांदा समुद्र त्यांच्या हद्दीला लागला. घाटावर वाढलेल्या माणसाला समुद्र म्हणजे काय हे शिकायचं होतं, आणि शिकवणारे कोण, तर ज्यांच्याकडे जहाजं बांधायची विद्या होती ते. १६५९ च्या सुमारास पोर्तुगीज कारागीर कामाला लावले. पण पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवलं आणि ते काम सोडून निघून गेले. उसन्या कारागिरांवर बंदर चालत नाही हा धडा बहुधा तिथे मिळाला. पुढे आरमारावर दिसतात ते इथलेच लोक: कोळी, भंडारी, गाबित आणि किनाऱ्यावरचे मुसलमान खलाशी.

इथे एक अवघड गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ज्या वर्षी मालवणात किल्ल्याचा पाया घातला गेला, त्याच वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारी १६६४ मध्ये, महाराजांनी सुरत लुटली होती. त्याआधी १६६१ मध्ये राजापूरला इंग्रजांची वखार लुटून त्यांचे लोक कैद केले होते. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली होती, त्याचा तो हिशेब. सुरत १६७० मध्ये पुन्हा लुटली गेली. मुघलांनी मुलूख बेचिराख केल्याची ती भरपाई होती असं मराठे म्हणत, आणि युद्धाचा खर्च कुठून तरी निघायलाच हवा होता हेही खरं. पण सुरतेच्या व्यापाऱ्याला त्याचं काय? ते शहर त्यानंतर सावरलं तरी पूर्वीचा विश्वास राहिला नाही. बाजार किती भित्रा असतो आणि एकदा बिथरला की किती लांब पळतो, हे महाराजांना आपल्याच हातून घडलेल्या गोष्टीवरून कळलं असणार. हे झाकून चरित्र लिहिणं आम्हाला पटत नाही. आणि हे लक्षात घेतलं तरच पुढचा मालवणचा कारभार नीट समजतो.

१६६४ च्या उत्तरार्धात ते दक्षिण कोकणात आले. जंजिऱ्याचा सिद्दी हटत नव्हता, गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्याला १६३७ पासून डचांची वखार. या सगळ्यांच्या मध्ये स्वतःचं बंदर हवं होतं. मालवणच्या समोर समुद्रात कुरटे नावाचं खडकाळ बेट होतं. भोवती पाण्याखाली खडकांचं जाळं, वाट माहीत नसलेलं जहाज फुटलंच म्हणून समजा. स्थानिक दर्यावर्दींनी ती वाट दाखवली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झाली आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसं ओतलं, बेटाची सुमारे ४८ एकर जागा तटात घेतली.

तट बघायला सगळेच जातात. आम्ही म्हणतो, विहिरी बघा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. बेटाला तट कितीही भक्कम बांधला असता तरी या तीन विहिरी नसत्या तर तिथे शिबंदी आठवडाभरही राहिली नसती. अंबरची नहर आणि ही बाव, दोन्हींचा अर्थ एकच आहे.

किल्ला एकटा नव्हता हेही पाहण्यासारखं आहे. किनाऱ्यावर राजकोट, किनारा आणि किल्ला यांच्या मधल्या खडकावर पद्मगड, जिथे जहाजांची बांधणी आणि डागडुजी चाले. उत्तरेला कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी १६६८ मध्ये सर्जेकोट बांधला. पावसाळ्यात, दर्या खवळला की गलबतं कुठे ठेवायची, या प्रश्नाचं उत्तर सर्जेकोट होता. चार महिने होडी सुरक्षित राहते म्हटल्यावर होडीवाला गाव सोडत नाही. सुतार, लोहार, दोरखंड वळणारे, शिडं शिवणारे, यांनाही पावसाळ्यात डागडुजीचं काम मिळतं. आपण आज ज्याला रोजगार निर्मिती म्हणतो ती ही. फक्त हंगामापुरती नव्हे, बाराही महिने चालणारी. किनाऱ्यावरच्या आजच्या हॉटेलवाल्यांना विचारा, जून ते सप्टेंबर त्यांचे नोकर कुठे जातात ते.

या बंदराचा पहिला मोठा उपयोग मात्र पुन्हा स्वारीसाठीच झाला. फेब्रुवारी १६६५ मध्ये मालवणहून ८५ लहान गलबतं आणि तीन मोठी जहाजं घेऊन महाराज स्वतः समुद्रमार्गे कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. त्यानंतर लगेच मिर्झाराजे जयसिंगांची स्वारी आली, जूनमध्ये पुरंदरचा तह झाला, २३ किल्ले गेले. १६६६ च्या उन्हाळ्यात महाराज आग्र्याला नजरकैदेत होते. राजा परत येईल की नाही याची खात्री नाही, तरी मालवणचं बांधकाम पुढे सरकत राहिलं आणि पुरं झालं. कारभाराची घडी अशी बसलेली होती की एक माणूस नसला म्हणून गाडं अडलं नाही. आपल्याकडे अध्यक्ष बदलला की मशिदीच्या कंपाउंडचं काम दोन वर्षं रखडतं, हे सहज आठवलं.

आता मिठाची गोष्ट. मालवण हे नाव महालवण यावरून पडलं असं इथली माणसं सांगतात, आणि शिरोड्याचा १९३० चा मिठाचा सत्याग्रह तर आपल्या जिल्ह्याचा अभिमानच आहे. पण १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला, नरहरी आनंदरावाला, मिठाबद्दल पत्र लिहिलं होतं हे फार कमी लोकांना माहीत असतं. झालं असं की पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त पडे. घाटावरचे व्यापारी बैल घेऊन तिकडे वळू लागले. असंच चालू राहिलं असतं तर संगमेश्वरकडच्या आपल्या मिठाला गिऱ्हाईक उरलं नसतं, मिठागरं ओस पडली असती आणि तिथला माणूस गाव सोडून गेला असता. तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जकात बसवा की ते आपल्या मिठापेक्षा स्वस्त पडणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे.

आम्हाला या पत्रात आवडतं ते हे, की राजाला भाव माहीत आहे. कोणत्या गावात मीठ काय दराने जातं, व्यापारी कोणत्या वाटेने जातो, आणि दोन पैशांच्या फरकाने एखादं गाव कसं उजाड होतं, हे त्याला ठाऊक आहे. जकात बसवायची तीही तिजोरी भरायला नव्हे, आपल्या मिठागरातला माणूस जागेवर राहावा म्हणून.

दुसरं पत्र १९ मे १६७३ चं, चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराच्या अंमलदारांना. पावसाळा तोंडावर, घोड्यांची फौज तिथे चार महिने राहणार. दाणागोटा जपून वापरा, आताच उधळलात तर ऐन पावसाळ्यात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरातून दाणे, गवत, भाजी ओढून आणाल. लोक घर सोडून पळतील, आणि त्यांना वाटेल की यापेक्षा मुघल बरे. जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन विकत घ्या, अशी ताकीद आहे. रात्री दिवा पेटता ठेवला तर उंदीर वात पळवेल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत बारकावा. राज्याचा धनी असूनही घर चालवणाऱ्या कर्त्या माणसासारखी काळजी आहे ती. गणवेशातला माणूस दुकानात आला की दुकानदाराच्या पोटात गोळा येतो की तो नुसतं गिऱ्हाईक म्हणून त्याच्याकडे बघतो, यावर बाजारपेठेचं बरंचसं ठरतं. तेव्हाही ठरत होतं.

तिसरं पत्र जानेवारी १६७५ चं, आणि त्यात दोन नावं आहेत: दौलतखान आणि दर्यासारंग. दोघेही महाराजांच्या आरमाराचे मोठे अधिकारी, दोघेही मुसलमान. दर्यासारंग हा किताब. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्गाच्या कामासाठी आरमार तिथे उभं होतं, आणि त्याला रोख रक्कम व धान्य पोचवायचं काम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याच्याकडे होतं. त्याने दिरंगाई केली. महाराजांनी त्याला जे पत्र पाठवलं त्यात राग लपवलेला नाही. तू ब्राह्मण आहेस म्हणून तुझी गय होणार नाही, असा स्पष्ट इशारा आहे. दौलतखान आणि दर्यासारंग यांच्या खलाशांची रसद वेळेवर पोचली पाहिजे, मग ती अडवणारा कोणीही असो.

शिवाजी महाराजांच्या सैन्यात मुसलमान होते का, किती होते, यावर दर वर्षी वाद होतात, याद्या फिरतात, त्यांत खरी नावं आणि मनाची नावं मिसळलेली असतात. आम्हाला हे एक पत्र त्या सगळ्या याद्यांहून जास्त वजनदार वाटतं. कारण त्यात कोणाचं कौतुक करायचा हेतू नाही. कामाची चिठ्ठी आहे. कामावरच्या माणसाचं देणं थकलं आहे आणि ते थकवणाऱ्याला जाब विचारला आहे, एवढंच.

दौलतखान पुढे १६७९ मध्ये खांदेरीच्या मोहिमेत मायनाक भंडारीबरोबर इंग्रजांशी झुंजला. खलाशाला वेळेवर पगार, हुद्दा कामावरून, आणि धर्मावर हात नाही, एवढं मिळालं तर माणूस जीव ओततो. धर्माबद्दल म्हणाल तर खाफीखानासारखा मुघल इतिहासकार, जो महाराजांबद्दल बोलताना जीभ आवरत नाही, तोसुद्धा कबूल करतो की त्यांच्या फौजेला मशिदी, कुरआन शरीफ आणि बायकामुलींना हात लावायची सक्त मनाई होती, आणि कुरआनाची प्रत सापडली तर ती आदराने एखाद्या मुसलमानाच्या हवाली केली जाई. केळशीच्या बाबा याकूतांबद्दल महाराजांना असलेला आदर तर कोकणात घरोघर माहीत आहे. नव्या गावात बिऱ्हाड हलवताना बाप माणूस आधी विचारतो तो प्रश्न हाच असतो: तिथे आपली पोरं सुखाने राहतील ना?

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या वेळी मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन आला होता, राजापूरच्या नुकसानीचं गाऱ्हाणं आणि व्यापाराची मागणी घेऊन. भरपाई ठरली, राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण इथे वखारी घालायची मुभा मिळाली, जकात अडीच टक्के ठरली. लुटलेल्या वखारीचा मालक तेरा वर्षांनी पुन्हा दुकान मांडायला येतो, आणि त्याच्याशी लिखापढी करून दर ठरतो. गेलेला विश्वास असा कागदावर, हळूहळू परत आणावा लागतो.

मुंबईचं नाव निघालंच आहे तर तेही सांगून टाकू. त्याच वर्षांत मुंबईत जेराल्ड ऑंजिए गव्हर्नर होता. सुरतेच्या बिथरलेल्या व्यापाऱ्यांना त्याने मुंबईला बोलावलं. वाणी, पारशी, आर्मेनियन, मुसलमान, ज्याला त्याला आपापली पंचायत आणि आपापला धर्म पाळायची हमी दिली. कोर्ट बसवलं. दलदलीचं, रोगट हवेचं ते बेट होतं, तरी लोक आले. आमचेही आजे-पणजे पुढे त्याच बेटावर गेले आणि मालवणच्या घराला कुलूप लागलं ते तेव्हापासून.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचं निधन झालं. वय पन्नास. किल्ल्यावरचं शिवराजेश्वराचं मंदिर राजाराम महाराजांच्या काळातलं. पुढे मालवण कोल्हापूरच्या गादीकडे गेलं, आणि त्याच गादीच्या आश्रयाने १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. रामचंद्रपंत तरुणपणी शिवाजी महाराजांच्या हाताखाली वाढलेले, म्हणून त्यांच्या लिहिण्यात थोरल्या महाराजांचा कारभार उमटलेला आहे असं जाणकार मानतात. त्यात साहुकारांवर एक प्रकरणच आहे. साहुकारामुळे राज्याला शोभा आहे, नसलेली वस्तू येते, अडीअडचणीला कर्ज उभं राहतं. तेव्हा पेठोपेठी त्यांना दुकानं, वखारी घालून द्याव्यात, त्यांचा मान राखावा, परमुलखातून बोलावून आणावं, कोणी नाराज झाला तर समजूत काढावी. आरमाराने व्यापारी गलबतांना त्रास देऊ नये. आणि टोपीकरांपासून, म्हणजे युरोपियनांपासून, मात्र सावध राहावं, कारण हे नुसते व्यापारी नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत. जागा द्यायची तर किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी देऊ नये, आत द्यावी. आजकाल किनाऱ्याची जमीन विकताना समोर नेमका कोण आहे हे आपल्यातले किती जण पाहतात, हे ज्याचं त्याने ठरवावं.

झाडांबद्दलही त्यात आहे. आरमाराला लाकूड लागतं, पण आंबा-फणस रयतेने लेकरासारखे वाढवलेले असतात. ते तिच्या मर्जीशिवाय तोडू नयेत; तोडायचेच तर जीर्ण झाड, मालकाला राजी करून, पैसे देऊन.

पुढची गोष्ट लवकर संपते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, मग पैसे घेऊन परत केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचं त्यांच्याकडे गेलं. मोठा व्यापार तोवर मुंबईला सरकला होता.

किल्ल्यात आजही मोजकी घरं नांदती आहेत. उधाणाच्या दिवसांत होड्या बंद असतात, किनाऱ्याशी संबंध तुटल्यासारखा होतो. प्यायचं पाणी मात्र त्याच विहिरींचं. पुढच्या मे महिन्यात मुलांना घेऊन जाल तेव्हा त्यांना तटावर फोटो काढू द्या, आणि परत फिरताना दहीबावेचं एक ओंजळ पाणी चाखायला सांगा.